व्हायरल म्हणाले आणि अँटिबायोटिक दिलंच नाही, असं का? बॅक्टेरिया आणि व्हायरसमधला फरक, लॅबच्या टेबलावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप, १०२ पर्यंत जातो, नाक वाहतंय, खोकला, घसा लाल. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा, अँटिबायोटिक नको. शेजारच्या काकूंच्या नातवाला अगदी असंच झालं होतं, त्याला दुसऱ्या डॉक्टरांनी अझिथ्रो, म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, लिहून दिलं आणि पोरगं दोन दिवसांत खेळायला लागलं. मग बॅक्टेरिया काय न व्हायरस काय, शेवटी दोन्ही जंतूच ना, एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही असं कसं? आणि मागच्या वेळचं अर्धं सिरप फ्रीजमध्ये पडलंय ते दिलं तर चालेल का?

सिरपचं आधी सांगते, नका देऊ. का ते खाली येईलच.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरच पण पेशंटला तोंड न दिसणारी, जिल्ह्याच्या गावात लॅबमध्ये बावीस वर्षं झाली. माझ्याकडे माणसं येत नाहीत, माणसांचं रक्त, लघवी, थुंकी, घशातले स्वॅब येतात. त्यामुळे हा फरक मी पुस्तकातून सांगण्यापेक्षा टेबलावर कसा दिसतो तेच सांगते, मला स्वतःला तो तिथेच कळला.

घशाचा स्वॅब आला की आम्ही तो ब्लड अगारवर लावतो. चपटी गोल प्लेट असते, त्यात समुद्री शेवाळापासून काढलेली जेली ओतलेली आणि जेलीत मेंढीचं रक्त मिसळलेलं, दिसायला गडद लाल. त्यावर स्वॅब घासायचा, तारेच्या लूपने रेघोट्या मारायच्या, ३७ डिग्रीला इनक्युबेटरमध्ये ठेवायचं आणि घरी जायचं. सकाळी येऊन प्लेट उजेडासमोर धरली आणि घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असला तर रेघोट्यांवर मोहरीच्या दाण्याहून बारीक दवबिंदूंसारखे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग उडून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडलेलं असतं, त्यांनी तिथलं रक्त खाल्लेलं असतं. एकेक ठिपका म्हणजे एकापासून वाढलेले लाखो बॅक्टेरिया. काहींना वासही असतो. स्युडोमोनास नावाचा एक आहे, भाजलेल्या जखमांमध्ये सापडतो, त्याची प्लेट उघडली की पिकलेल्या द्राक्षांसारखा वास येतो, हिरवट रंग सुटलेला असतो. आमच्या भागात द्राक्षं भरपूर, पण ती खाताना मला अजून प्लेट आठवते, असो.

आता तोच स्वॅब व्हायरल घशाचा असेल तर सकाळी प्लेटवर काय दिसतं? घशात एरवीही राहणारे निरुपद्रवी बॅक्टेरिया दिसतात, बाकी काही नाही. आठवडाभर ठेवली तरी नाही. मुलगा १०२ तापाने फणफणलाय, स्वॅबवर व्हायरस ढिगाने आहे, आणि प्लेटवर त्याचा मागमूस नाही. कारण व्हायरसला जेली नको, रक्त नको, साखर नको, त्याला जिवंत पेशी लागते. पुण्याच्या एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी व्हायरस वाढवायचा तर आधी पेशी वाढवाव्या लागतात, आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडापासून कधीकाळी काढलेल्या पेशी बाटलीत जिवंत ठेवतात आणि त्यात व्हायरस सोडतात. फ्लूचा व्हायरस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आत पिल्लू वाढत असलेल्या अंड्यात, ऑम्लेटच्या अंड्यात नाही.

हे एवढं डोक्यात बसलं ना की बाकी सगळं आपोआप उलगडतं. आमच्या घरी आजी होती तेव्हा दळणाला गिरणी होती आणि जातंही होतं, म्हणून मी शिकवताना तसंच सांगते. बॅक्टेरिया स्वतःचं जातं घेऊन येतो. तो एक अख्खा जीव आहे, एका पेशीचा का असेना पण स्वतः खातो, स्वतःची प्रथिनं स्वतः तयार करतो, स्वतःचे दोन तुकडे करून वाढतो. व्हायरस नुसता दळणाचा डबा घेऊन येतो. डब्यात डीएनए किंवा आरएनएची एक चिठ्ठी, बाहेर प्रथिनाचं कवच, काहींना त्यावर चरबीचं पांघरूण, बस. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच गिरणीत, आपल्याच विजेवर, स्वतःचं दळण दळून घेतो. पेशीबाहेर असताना तो काहीच करत नाही, खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, म्हणून त्याला जिवंत म्हणायचं की नाही यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात फार रस नाही.

अँटिबायोटिक काय करतं? ते बॅक्टेरियाचं जातं फोडतं. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातली सगळी, म्हणजे अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम वगैरे, ही बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाहीत. बॅक्टेरियाभोवती एक जाळीदार भिंत असते, ती नीट बांधली गेली नाही की तो फुगून फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते म्हणून पेनिसिलिन आपल्याला काही करत नाही, ज्यांना ॲलर्जी आहे ते सोडून. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही बॅक्टेरियाचं प्रथिन बनवायचं यंत्र बंद पाडतात, ते यंत्र आपल्याकडेही आहे पण त्याची घडण वेगळी, म्हणून औषध त्यांच्यावर बसतं आणि आपल्यावर बसत नाही. आता व्हायरसकडे बघा. भिंत? नाही. प्रथिन बनवायचं यंत्र? नाही, तो आपलं वापरतोय. मग औषध फोडणार काय? ज्या गिरणीत त्याचं दळण चाललंय ती आपलीच आहे, ती बंद पाडली तर आपणच उपाशी. डॉक्टर कंजूषपणा करतात म्हणून अँटिबायोटिक देत नाहीत असं नाहीये, तिथे त्या औषधाला धरायला कडीच नाही.

हे घरच्या घरी बघायचं असेल तर विरजण बघा. कोमट दुधात चमचाभर दही टाकलं की रात्रभरात दही लागतं, कारण विरजणातले बॅक्टेरिया दुधातली साखर खाऊन वाढतात आणि आंबट करतात. कोमटच का लागतं, कडकडीत दुधात विरजण का मरतं, थंडीत डबा पांघरुणात का गुंडाळतात, हे सगळं मायक्रोबायोलॉजीच आहे, फक्त त्याला आपण ते नाव देत नाही. आणि ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांना विचारा, गायीच्या कासेला सूज आली, दगडी झाली म्हणतात, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिक सोडलं की पुढचे काही दिवस त्या गायीचं दूध विरजत नाही. दूध दुधासारखं दिसतं, चव तीच, पण दही लागत नाही, कारण दुधात उतरलेलं औषध विरजणाला वाढू देत नाही. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं याचा याहून सोपा पुरावा माझ्याकडे नाही. त्याच दुधात व्हायरस टाकला तर एकाचे दोन होणार नाहीत, दूध त्याच्यासाठी नुसतं पाणी. आणि गंमत म्हणजे विरजणातल्या बॅक्टेरियालाही व्हायरल होतं! बॅक्टेरियावर जगणारे व्हायरस असतात, त्यांना फेज म्हणतात, मोठ्या डेअऱ्यांमध्ये हे फेज घुसले की हजारो लिटरची बॅच लागतच नाही आणि चीज बनवणाऱ्यांच्या डोक्याला हात.

आकाराचं सगळे आधी विचारतात. साधारण आतड्यातला ई. कोलाय बॅक्टेरिया दोन मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याला एसटी बसएवढा धरला तर फ्लूचा व्हायरस वीस लिटरच्या पाण्याच्या जारएवढा आणि पोलिओचा नारळाएवढा. बॅक्टेरिया आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली रंग देऊन दिसतात, व्हायरस दिसत नाहीत, त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. अपवाद आहेत, २००३ मध्ये मिमीव्हायरस ओळखला गेला तो इतका मोठा की दहा वर्षं लोक त्याला बॅक्टेरिया समजत होते, आणि २०२२ मध्ये कॅरिबियन बेटावरच्या खारफुटीत चक्क सेंटिमीटरभर लांबीचा बॅक्टेरिया सापडला, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. त्यामुळे आकारावरून व्याख्या करू नका, जातं कोणाचं ते विचारा.

हा न दिसण्याचा प्रकार किती महागात पडला ते मुंबईच्या दोन साथींत नीट दिसतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. प्लेगचा जंतू म्हणजे बॅक्टेरिया, आणि तो दोनच वर्षांपूर्वी, १८९४ ला, हाँगकाँगमध्ये येरसिन या शास्त्रज्ञाने शोधलेला होता. म्हणजे चोर कोण ते माहीत होतं, मायक्रोस्कोपखाली दिसत होता, रश्श्यात वाढत होता. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत मांसाच्या रश्श्यात तो वाढवला, वर चक्क तुपाचे थेंब सोडले, त्या तुपाला धरून बॅक्टेरिया खाली लोंबत वाढायचे, मग ते उष्णतेने मारले आणि लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस आली तरी लोक मरायचे थांबले नाहीत हेही खरं, त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पण निदान शत्रू कोण ते कळलेलं होतं.

मग १९१८. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत देशभर पसरला, एक कोटीहून जास्त माणसं गेल्याचे अंदाज आहेत. आणि जगभरचे डॉक्टर चुकीच्या चोरामागे. त्यांना पेशंटच्या थुंकीत एक बॅक्टेरिया दिसायचा, फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये वर्णन केलेला, त्यालाच फ्लूचं कारण समजून त्याच्या लसी वगैरे चालल्या होत्या. खरा आरोपी व्हायरस, तो दिसत नव्हता, प्लेटवर येत नव्हता, माणसातून तो वेगळा काढला गेला १९३३ मध्ये. त्या बॅक्टेरियाचं नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आहे, केलेली चूक नावात कायमची राहून गेली. मात्र तो अगदीच निर्दोष नव्हता हं. १९१८ ला गेलेल्यांपैकी बहुतेकांना फ्लूने आधी फुप्फुसं सोलून ठेवली आणि मग बॅक्टेरिया घुसून न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन फ्लेमिंगला दिसलं १९२८ मध्ये आणि औषध म्हणून हातात यायला दुसरं महायुद्ध उजाडलं, १९१८ मध्ये त्या न्यूमोनियाला असं औषध नव्हतं.

यातला शेवटचा भाग तुमच्या कामाचा आहे. व्हायरलनंतर बॅक्टेरियल होऊ शकतं. व्हायरल ताप साधारण तीन ते पाच दिवसांत उतरतो, मूल खायला मागतं, खेळायला लागतं, आणि मग एकदोन दिवस बरं गेल्यावर पुन्हा कडकडून ताप चढला, कान दुखायला लागला, श्वास जोरात चालायला लागला तर ते तसंच व्हायरल चालू आहे असं समजून घरी बसू नका, तेव्हा डॉक्टर बहुधा अँटिबायोटिक देतील आणि ते बरोबर असेल. पहिल्या दिवसापासून दिलेलं अँटिबायोटिक या दुसऱ्या तापाला रोखत नाही बरं का, उलट त्या औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया तेवढे मागे राहतात.

आता काकूंचा नातू. त्याला अझिथ्रो कधी दिलं? तिसऱ्या दिवशी ना? बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशीच धीर सुटतो. आणि व्हायरल तापही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरायला लागतो. औषध न देता चौथ्या-पाचव्या दिवशी बरा झाला असता तो अझिथ्रो घेऊन चौथ्या-पाचव्या दिवशी बरा झाला, आणि श्रेय गोळीला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी काकूंना दोष देत नाही, आजारी पोराशेजारी रात्र काढणाऱ्या माणसाला आकडेमोड सुचत नाही. पण डॉक्टरही कधीकधी ‘कव्हर’ म्हणून लिहून देतात, कारण नाही दिलं तर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो, हेही मला माहीत आहे.

शेंबूड हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन बॅक्टेरियाचं, हे एक डोक्यातून काढून टाका. तो हिरवा रंग आपल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, त्या लढायला आल्या की रंग येतो, समोर कोण आहे त्याच्याशी संबंध नाही. घसा लाल असणं हेही काही सांगत नाही. घशात स्ट्रेप्टोकोकस असल्याचा संशय कधी घ्यायचा, तर ताप आहे, घसा खूप दुखतोय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याच्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि मुख्य म्हणजे खोकला नाही, नाक वाहत नाही. तुमच्या लेकाचं नाक वाहतंय आणि खोकला आहे म्हणताय, म्हणजे पारडं व्हायरसकडे झुकतं, डॉक्टरांनी तेच बघितलं असणार. स्ट्रेप्टोकोकसचा घसा मात्र हलक्यात घ्यायचा नाही, काही मुलांमध्ये त्यानंतर ऱ्हुमॅटिक फीवर येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात, आजही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येणारी तरुण मुलंमुली आपल्याकडे आहेत. तिथे कोर्स पूर्ण करायचाच.

‘मग ब्लड टेस्टवरून कळत नाही का?’ काही प्रमाणात. पांढऱ्या पेशी वाढल्या, त्यात न्यूट्रोफिल या जातीच्या पेशी जास्त, सीआरपी (सूज आली की रक्तात वाढणारं एक प्रथिन) बराच वाढलेला, तर बॅक्टेरियाची शक्यता जास्त, पेशी कमी झाल्या असतील तर व्हायरल जास्त. पण टायफॉइड हा बॅक्टेरियाचा ताप असून त्यात पांढऱ्या पेशी कमी होतात, डेंगी व्हायरस, त्यातही कमी होतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे दोन्ही एकाच गल्लीत असतात. म्हणून नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, कुणी शिक्का मारू नये. आणि विडाल! टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची टेस्ट. १८९६ ची आहे ही, त्या काळात थोर होती, आज मात्र निम्म्या महाराष्ट्राला कधी ना कधी विडाल पॉझिटिव्ह सांगून सलाईन लावलेलं असेल, जुन्या इन्फेक्शनने, लसीने, दुसऱ्याच कुठल्या तापानेही ती वाढलेली येते. टायफॉइडचा खरा पुरावा ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला बॅक्टेरिया बाटलीत वाढवून बघणं. त्यासाठी रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यावं लागतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांपैकी कितीतरी पेशंट दोन-तीन दिवस काहीतरी गोळ्या खाऊन आलेले असतात, मग बाटलीत काही वाढत नाही आणि आम्ही ‘नो ग्रोथ’ लिहितो, ज्याचा अर्थ बॅक्टेरिया नव्हता असाही होतो आणि होता पण अर्धमेला होता असाही.

डेंगीचं निघालं म्हणून सांगते, पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ टेस्ट (रक्तात व्हायरसचं प्रथिन शोधणारी), नंतर आयजीएम (आपल्या शरीराने त्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी शोधणारी). व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, आणि ताप उतरल्यावर सुटलो असं वाटतं नेमका तोच एकदोन दिवसांचा काळ धोक्याचा. पोटात सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त, लघवी कमी, मूल मलूल, यापैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉलच.

आपल्याकडच्या जुन्या नावांत दोन्ही सरमिसळ आहेत. गोवर, कांजण्या, गालगुंड, देवी, पोलिओ हे व्हायरसचे, आणि पाण्यातून येणारी कावीळही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पटकी, क्षय, कुष्ठरोग, विषमज्वर हे बॅक्टेरियाचे. लस मात्र दोन्हींवर निघते, कारण लस जंतूचं जातं फोडत नाही, ती आपल्या शरीराला चोराचा चेहरा दाखवून ठेवते. क्षयाची बीसीजी लस बॅक्टेरियावर, पोलिओचे डोस व्हायरसवर. देवी १९८० ला जगातून गेली, भारतातला नैसर्गिक पोलिओ व्हायरसचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हे दोन्ही व्हायरस, आणि दोन्ही गेले ते गोळ्यांनी नव्हे.

दोघांची जोडी एकाच जखमेत बघायची असेल तर कुत्र्याचा चावा. लाळेतून रेबीजचा व्हायरस येऊ शकतो, दातांवरचे बॅक्टेरिया येतात, आणि जखमेत माती गेली तर धनुर्वाताचे बीजाणू. म्हणून तिथे रेबीजची लस वेगळी, खोल चावा असेल तर जखमेत भरायचं सीरम वेगळं, धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, गरजेप्रमाणे अँटिबायोटिक वेगळं, लोक विचारतात एका चाव्याला एवढी इंजेक्शनं कशाला, तर आत शिरलेले पाहुणे वेगवेगळे आहेत म्हणून. पण पहिलं काम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुणं. रेबीजच्या व्हायरसला चरबीचं पांघरूण असतं, साबण चरबी सोडवतो, पांघरूण फाटलं की व्हायरस निकामी. कोरोनात हात धुवा म्हणत होतो तेही याच कारणाने. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही, आमच्याकडे अजून भरतात. धनुर्वाताच्या बीजाणूंना साबणाने काही होत नाही, बॅक्टेरियाची ही एक कला आहे, दिवस वाईट आले की काही जाती जाड कवच करून वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात, पण धुण्याने माती जखमेबाहेर निघते हे काय कमी आहे.

व्हायरसवर औषधं अजिबात नाहीत असंही नाही. नागीण झाली तर असायक्लोव्हिर आहे, फ्लूवर ओसेल्टामिव्हिर, एचआयव्हीवर तर इतकी चांगली औषधं आली की रोज घेणारा माणूस पूर्ण आयुष्य जगतो, हिपॅटायटिस सी काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण पेनिसिलिनसारखी एक चावी अनेक कुलपांना असं इथे होत नाही, व्हायरसने स्वतःबरोबर एखादं छोटंसं अवजार आणलेलं असेल तर ते शोधून नेमकं त्यालाच बोथट करावं लागतं. आणि वेळ महत्त्वाची, नागिणीचं औषध पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत, फ्लूचं दोन दिवसांत सुरू झालं तरच नीट उपयोग, नंतर दळण दळून झालेलं असतं. साध्या सर्दीचे तर शंभरावर प्रकारचे व्हायरस आहेत आणि आठवड्यात आपोआप बरी होणारी, त्यासाठी कोण औषध शोधत बसणार.

उलट बाजूलाही अपवाद आहेत. मायकोप्लाझ्मा हा बॅक्टेरिया असून त्याला भिंतच नाही, म्हणून त्याच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही आणि अझिथ्रो चालतं. स्क्रब टायफस या गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचा बॅक्टेरिया व्हायरससारखा पेशीच्या आत राहतो, प्लेटवर येत नाही, पण जातं त्याचं स्वतःचं आहे त्यामुळे डॉक्सिसायक्लिनने तो ताप दोन दिवसांत पडतो. गवतात, शेतात गेल्यानंतरचा ताप असेल आणि अंगावर कुठेतरी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असेल, काखेत, कमरेला, तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

‘नसेल उपयोग, पण दिलं तर बिघडतं काय’ हे सगळ्यात जास्त ऐकते मी. बिघडतं ते पोटात. व्हायरसला धक्काही लागत नाही पण आतड्यातल्या अब्जावधी बॅक्टेरियांवर औषध पडतं, त्यातले साधे मरतात, ज्यांना औषध पचवता येतं ते उरतात आणि रिकाम्या जागेत वाढतात. ई. कोलायला चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, हिशोब केला तर सात तासांत एकाचे वीस लाख, पोटात एवढं होत नाही पण वेग कळावा म्हणून. वर ते प्रतिकाराची माहिती शेजारच्या दुसऱ्या जातीच्या बॅक्टेरियाला देऊनही टाकतात, डीएनएची छोटी रिंग असते ती हातोहात पुढे जाते.

याचं दिसणं कसं असतं सांगते. लघवीच्या कल्चरमधला बॅक्टेरिया आम्ही एका प्लेटभर पसरतो आणि वर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवतो, प्रत्येक टिकलीत एक औषध. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडलं ते औषध चालतं. मी लागले तेव्हा प्लेट म्हणजे वर्तुळांची रांगोळी असायची. मागच्या पावसाळ्यात एका पंचविशीच्या मुलीची प्लेट होती, साधं लघवीचं इन्फेक्शन, आधी कधी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट नाही, आणि बारा टिकल्यांपैकी आठांना बॅक्टेरिया अगदी कडेपर्यंत चिकटून वाढलेले, जणू तिथे टिकली नाहीच. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी एकच उरली होती. विचारल्यावर म्हणाली, सर्दी झाली की मेडिकलमधून तीन गोळ्यांची स्ट्रिप आणते. २०१४ पासून बऱ्याच मोठ्या अँटिबायोटिकना एच-वन शेड्यूल लागलंय, मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, काही स्ट्रिपवर उभी लाल रेघही असते ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. किती ठिकाणी रजिस्टर भरलं जातं ते तुम्हीही बघताच.

तर तुमच्या लेकाचं. आज चौथा दिवस असेल, ताप कमी होत असेल, पाणी पितोय, लघवी होतेय, ताप उतरला की हसतोय, तर डॉक्टर म्हणाले तेच करा. पाच दिवसांपुढे ताप गेला, श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जातेय, पुरळ आलं, खूप झोपाळू झाला किंवा बरा होऊन पुन्हा चढला, तर परत दाखवा आणि कल्चर सांगितलं तर आधी सॅम्पल, मग औषध.

आणि ते फ्रीजमधलं सिरप. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट असणार बहुतेक, पावडरमध्ये पाणी घालून करतात ते. पाणी घातल्यापासून फ्रीजमध्ये ते साधारण सात दिवसच टिकतं, लेबलवर बघा, त्यातलं क्लॅव्हुलनेट फार लवकर मरतं. मागच्या वेळचं म्हणजे कधीचं कुणास ठाऊक, वर दिसायला तसंच गुलाबी-पांढरं. बेसिनमध्ये ओतू नका, गटारातल्या बॅक्टेरियाला कशाला शिकवायचं. चहाचा चोथा असेल घरात त्यात कालवा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका.